सोडवायला कुणी आलं नाही

थेंब्या आला तो नेहमीसारखाच, म्हणजे उशिरा, रिकाम्या हातांनी आणि 'मला कशाला बोलावलंत' असा चेहरा करून. दार धाकटीने उघडलं. भावाला बघून तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आज तरी याने दाढी करायला हवी होती. आज तिच्या लेकीचा दिवस होता. या घरात आजवर जे काही साजरं झालं ते याचंच झालं होतं. केकवर दुसऱ्या कुणाचं नाव पहिल्यांदाच आलं होतं.

"अभिनंदन," तो म्हणाला. सूर असा, की सांत्वनाला आलाय.

"आत ये दादा. आणि आज तोंड सांभाळ."

आईच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर तोच होता. सहा वर्षांचा, आठ वर्षांचा, नऊ वर्षांचा. कुठे तुरुंगाच्या गजांना धरून, कुठे इस्पितळाच्या खाटेशी, कुठे बंद फाटकाबाहेर, आणि प्रत्येक फोटोत गालावर एक टपोरा थेंब. त्या थेंबावरूनच त्याचं नाव पडलं. आधी सेटवरचे लाइटवाले म्हणायला लागले, मग वर्तमानपत्रं, मग घरचेही. त्याचं खरं नाव आता फक्त लायसन्सवर उरलं होतं. या पोराला ग्लिसरीन लागत नसे, दुसरा टेक लागत नसे. आई त्याच्या कानाशी वाकायची, काहीतरी पुटपुटायची, आणि पोराच्या डोळ्यांतून धार लागायची. चार वर्षं त्याने सगळ्या मुलखाला रडवलं. दहाव्या वर्षी बाप गेला आणि पोरगं आटलं. आई कानात सांगून सांगून थकली, पण डोळे कोरडेच. "नळ बंद झाला," असं एक दिग्दर्शक सगळ्यांदेखत म्हणाला आणि सगळे हसले. मग हिरोच्या मित्राचा भाऊ, मग गर्दीतला कॉलेजकुमार, मग काहीच नाही. आता तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवायचा. शिकायला आलेल्या बायका आरशातून त्याच्याकडे बघत म्हणायच्या, "तुम्ही ते रडकं पोर ना?" आणि तो म्हणायचा, "क्लच एकदम सोडू नका."

भिंतीवर धाकटीचा एकही फोटो नव्हता. कुठून असणार? आई सेटवर, बाबा सेटवर, दादा सेटवर, आणि धाकटी शेजाऱ्यांकडे. तिला कुणाच्या घरी भाजी खारट असते आणि कुणाकडे मोठ्याने हसलेलं चालत नाही, हे पाठ झालं होतं. या गोष्टीचा तिला राग होता, आणि तो तिने लपवलाही नव्हता.

धाकटीची लेक ठकी खुर्चीवर उभी राहून फुगा फुगवत होती. मामा आत आला तसा फुगा तिच्या हातातून सुटला, फर्रकन खोलीभर फिरला आणि काकांच्या टकलावर जाऊन पडला. सगळे हसले. ठकी खुर्चीवरून उतरली आणि टेबलाखाली शिरली.

"लाजली," धाकटीचा नवरा म्हणाला. त्याचं औषधांचं दुकान होतं, आणि लेकीची निवड झाल्यापासून तो खोकल्याच्या बाटलीबरोबर गिऱ्हाइकाला ही बातमीही बांधून देत होता. "आता मोठी नटी होणार. मामाला थोडीच ओळख देणार!"

थेंब्या हसला नाही. तो टेबलापाशी गेला. "ठके?"

फक्त टेबलाचं कापड आतून घट्ट धरलेलं दिसलं.

"अरे, गुरुवारपासून अशीच आहे," धाकटी म्हणाली. "खात नाही, बोलत नाही, रात्री माझ्या पोटाला चिकटून झोपते. एवढा मोठा रोल, टेन्शन येणारच."

"गुरुवारी काय होतं?"

"निवड होती ना तिची."

तो गुडघ्यांवर बसला, कापड उचललं आणि आत बघितलं. उठला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. भाचीकडे न बघता, बहिणीकडे न बघता, तो खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या आईकडे वळला.

"आई, हिच्या कानात काय सांगितलंस?"

आईने चष्मा पुसला. "आल्या आल्या सुरू झालास? आधी केक तर खा."

"काय सांगितलंस?"

"तुला काय करायचंय? पाच पोरी होत्या तिथे. सगळ्या ठोकळ्यासारख्या उभ्या. आपली एकटी रडली. दिग्दर्शक उठून उभा राहिला."

धाकटीच्या डोक्यात सणक गेली. आलाच हा, तिला वाटलं, विरजण घालायला. स्वतःचं आटलं म्हणून दुसऱ्याचंही आटायला पाहिजे. "दादा, तुला बघवत नाही का रे? सगळं तुला मिळालं. आईचा तो मंत्रसुद्धा तुझ्यासाठीच होता. मी किती वेळा म्हणायचे, माझ्या कानात पण सांग ना. तर आई काय म्हणायची माहितीये? तुझ्या कानात सांगून काय उपयोग, तू चिमटा काढला तरी हसतेस. आज माझ्या मुलीच्या कानात सांगितला, तर तुझ्या पोटात दुखतंय?"

गुरुवार तिच्या डोळ्यांसमोर होता. ठकी नख कुरतडत उभी, दिव्यांच्या उजेडात एवढीशी. आई खुर्चीतून उठली, आणि धाकटीने स्वतः पुढे होऊन लेकीचे केस कानामागे सारले, आईला नीट सांगता यावं म्हणून. त्या क्षणी तिचा आनंद मनात मावत नव्हता.

"मंत्र?" थेंब्या म्हणाला. "तुला खरंच माहीत नाही?"

"काय माहीत नाही?"

"गप्प बस," आई म्हणाली. त्याला म्हणाली की हिला, ते कळलं नाही.

"'बाबा गेले.' हा मंत्र होता. 'तुझे बाबा आत्ताच गेले, बाळा. घरी ठेवलंय. हे एवढं काम संपलं की बघायला जाऊ.' दर वेळी हेच. कधी पायरीवरून पडून गेले, कधी बसखाली."

औषधवाल्याच्या हातातली सुरी केकमध्ये अर्धी रुतून राहिली. अखेर तोच म्हणाला, "पण दादा, दर वेळी विश्वास कसा बसायचा?"

"बाबा दिसायचे नाहीत ना. आई आधीच त्यांना बाहेर पाठवायची. मला माहीत असायचं की खोटं असणार. पण समजा, आजचं खरं असलं तर? सहा वर्षांच्या पोराने हा जुगार कसा खेळायचा?" तो आता उभ्या उभ्या बोलत होता आणि आवाज चढत होता. "शॉट संपला की बाबा दिव्यांच्या मागून यायचे. मला उचलून खांद्यावर घ्यायचे आणि म्हणायचे, 'खोटं, खोटं, सगळं खोटं. हा बघ मी.' माझा हात घेऊन स्वतःच्या मिशीवर फिरवायचे. बांधायचं आईने, सोडवायचं बाबांनी. अशी वाटणी होती यांची."

"म्हणजे त्या दिवशी—" काका म्हणाले आणि अडकले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे बोलणंही तसंच, एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखं. पुतण्याशी ते बापाच्या मरणापासून धड बोलले नव्हते. समारंभाला यायचे, समोरासमोर बसायचे, पण 'हं' आणि 'बरं'च्या पुढे गाडी जात नसे.

"त्या दिवशी आईने हॉस्पिटलच्या व्हरांड्यात माझ्या कानात सांगितलं, काका. सवयीने. मोठ्याने सांगितलं असतं तर कदाचित समजलं असतं. मी रडलो. नेहमीएवढं रडलो आणि थांबलो. मग बाकावर बसून बाबांची वाट बघायला लागलो."

"मी आलो तेव्हा तू पाय हलवत बसला होतास," काका म्हणाले. "बिस्किट खात होतास."

"मला वाटलं, टेक ओके झाला. आता बाबा येतील."

"मी तुला थोबाडीत मारली."

"हो."

"बापाच्या मयताला रडला नाही, असं मी गावभर सांगितलं. पडद्यावर पाट वाहतात आणि सख्ख्या बापाला एक टिपूस नाही, म्हणालो." काका उठले. हात त्यांनी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. "वहिनी, तुम्ही तिथेच होतात. मी पोराला मारलं तेव्हा बाजूला उभ्या होतात. तुम्हाला माहीत होतं तो का बसलाय. एक शब्द बोलला नाहीत? इतकी वर्षं मला या पोराचा दुस्वास करू दिलात?"

"माझा नवरा गेला होता, भावजी! मी काय कुणाला काय वाटतंय ते बघत बसणार होते?" आई ताठ झाली. तिला कोपऱ्यात गाठलं की ती नेहमी ताठ व्हायची. "आणि असं काय केलं मी? डोळ्यांत कांदा पिळणाऱ्या आया पाहिल्यात मी. पडद्यामागे नेऊन पोरांना काळंनिळं करणाऱ्या पाहिल्यात. मी कधी बोट लावलं नाही माझ्या लेकराला. शब्द सांगितले फक्त. शब्दांनी काय अंगाला भोकं पडतात? आणि कुणासाठी केलं? आज त्याला बायका आरशात ओळखतात ते कुणामुळे?"

"त्या मला रडकं पोर म्हणतात, आई!"

"म्हणतात ना काहीतरी! मला कोण काय म्हणतं?"

हे इतक्या मनापासून आलं की क्षणभर धाकटीला आईची दया आली. पण तो क्षणच. कारण आता तिला दुसरंच काही सुचत होतं आणि ते सुचू नये असं वाटत होतं. पोटाला चिकटून झोपणारी ठकी, ताटातला तसाच राहिलेला घास, कापड घट्ट धरणाऱ्या त्या मुठी.

"आई," ती म्हणाली, "ठकीला काय सांगितलंस?"

आईने खिडकीकडे तोंड केलं. उत्तर टेबलाखालून आलं.

"मामा गेला."

धाकटी टेबलाकडे वळली.

"मामाची गाडी ट्रकखाली गेली," टेबलाखालचा आवाज म्हणाला, धडा म्हणून दाखवावा तसा. "आजी म्हणाली, कानातलं कानातच ठेवायचं. कुणाला सांगितलं तर रोल जातो." मग जरा थांबून, "तुम्ही कुणीच रडला नाहीत. मामा मेला आणि बाबांनी केक आणला."

औषधवाल्याने सुरी खाली ठेवली.

"चार दिवस!" धाकटी ओरडली. आपला आवाज असाही निघतो हे तिला माहीत नव्हतं. "चार दिवस माझी पोरगी मेलेला माणूस पोटात घेऊन फिरतेय! तू तिला सांगितलं का नाहीस की खोटं होतं?"

"सांगणारच होते. तेवढ्यात निवड झाल्याचं कळलं, सगळे नाचायला लागलात, राहून गेलं." आई खांदे उडवून म्हणाली. "आणि सोडवायचं काम माझं कधी नव्हतंच. ते त्याचे बाबा करायचे."

तिने हे सहज सांगितलं. कपडे वाळत घालायचं काम माझं नाही, अशा सुरात. राग येतो तो खोटं बोलणाऱ्याचा येतो असं धाकटीला आजवर वाटायचं. आई आता अक्षर न् अक्षर खरं बोलत होती आणि धाकटीला तिचा गळा धरावासा वाटत होता. आणि आईबरोबर स्वतःचाही, कारण केस कानामागे कुणी सारले होते?

"मामाच का?" तिने विचारलं. हे विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. "माझं नाव का नाही घेतलंस?"

"जीव कुणावर आहे ते बघून सांगावं लागतं," आई म्हणाली. "तुझ्या नावाने एवढी रडली नसती. शिवाय तू समोर उभी होतीस."

थेंब्या मात्र हे ऐकायला उभा नव्हता. तो पोटावर पडून टेबलाखाली सरकला होता, आणि बाहेर फक्त त्याचे मोजे दिसत होते, त्यातला एक अंगठ्याशी फाटलेला. आतून कुजबुज ऐकू येत होती. "...शक्यच नाही. माझ्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक माझ्या. ट्रकखाली जाईलच कशी?"

"मग तू कुठे होतास?"

"एका बाईला रिव्हर्स शिकवत होतो. तिने कचऱ्याचा डबा पाडला."

आत एक बारीकसा आवाज आला. हसण्याचा की रडण्याचा ते बाहेरून कळलं नाही. काका टेबलाशेजारच्या खुर्चीत येऊन बसले आणि त्या फाटक्या मोज्याकडे बघत राहिले. मग वाकून त्यांनी पुतण्याच्या घोट्यावर हात ठेवला. तो पाय हलला नाही.

तेवढ्यात बेल वाजली. कपडेपटाची बाई मापं घ्यायला येणार होती, हे सगळेच विसरले होते. दारात तीच होती. गळ्यात टेप, दोन्ही हातांत पिशव्या, तोंडभर हसू. "कुठेय आमची राणी? साहेब तर वेडे झालेत हो तिच्यावर. म्हणाले, पाच सीन रडायचे होते, आता आठ करू या!"

धाकटी नवऱ्याकडे बघत होती. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आता आल्याच आहेत, तर मापं घेऊ दे. मापांनी काय होतंय? बाकीचं बसून शांतपणे ठरवू. म्हणजे आता तिला कळलंय ना, की खोटं असतं ते. मग तसा काही प्रॉब्लेम..."

"पुढचं बोलू नकोस," धाकटी म्हणाली. "देवाशपथ सांगते, पुढचं बोलू नकोस."

"ठके, बाहेर ये," आईने हाक मारली. सेटवरचा जुना आवाज होता तो, गोड आणि टणक. "मावशी थांबल्यात."

टेबलाचं कापड हललं. ठकी बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर धूळ. खोलीच्या मधोमध येऊन ती दोन्ही हात पसरून उभी राहिली, शहाण्या मुलीसारखी. मोठी माणसं आपल्यामुळे भांडतायत, हे तिला कळलं होतं. आपण नीट वागलो की थांबतील, असंही तिने ठरवलेलं दिसत होतं. बाईने कौतुकाने टेप तिच्या छातीभोवती घेतली. ठकीने मान वर करून तिला विचारलं,

"मावशी, आठ सीन म्हणजे आठ जण का? आता कोण कोण मरणार?"

बाईच्या हातातली टेप सैल पडली. तिने एकेकाकडे बघितलं. टेबलाखालून थेंब्या बाहेर आला आणि तिथेच जमिनीवर बसून राहिला, तोंड दोन्ही हातांनी झाकून. धाकटीने पुढे होऊन टेप लेकीच्या अंगावरून काढली, गुंडाळली आणि बाईच्या हातात दिली.

"मापं घेऊ नका. ती येणार नाही. साहेबांना सांगा, दुसरी बघा."

"अहो पण, सगळं ठरलंय—"

"नाही ठरलेलं. तुम्ही जा."

बाई पिशव्या सावरत गेली. जिना उतरताना तिची पावलं कितीतरी वेळ ऐकू येत होती. आई उठून उभी राहिली होती. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच खुर्ची सोडून उठली होती.

"नतद्रष्टांनो," ती म्हणाली. "एकाने स्वतःचं मातेरं केलं, दुसरी पोरीचं करतेय. आयुष्यभर पश्चात्ताप करशील. तुझी पोरगीच तुला विचारेल, मला का नेलं नाहीस म्हणून."

"विचारू दे. मी मोठ्याने सांगेन."

"या दारातून तिला घेऊन गेलीस ना, तर तुझी आई मेली असं समज."

समजले, हा शब्द धाकटीच्या जिभेवर तयार होता. सगळ्या आयुष्याचा राग त्या एका शब्दात बसत होता. शेजाऱ्यांकडची संध्याकाळ, दादाच्या फोटोंनी भरलेल्या भिंती, सगळं. ती तोंड उघडणार तेवढ्यात तिचं लक्ष ठकीकडे गेलं. ठकीचा खालचा ओठ थरथरत होता आणि डोळे आजीवर खिळले होते. बघता बघता ते डोळे भरायला लागले.

धाकटीने शब्द गिळला. रागाने तिचे कान तापले होते, पण तिने लेकीचा हात धरला आणि तिला ओढतच आईसमोर नेलं.

"आजी मेलेली नाही. ती चिडून बोलली. खोटं आहे ते. हात लावून बघ."

"मी नाही—" आई मागे सरली.

"हलू नकोस!" धाकटी म्हणाली. "एवढं करायचंच आहे तुला. उभी राहा!"

आई उभी राहिली. ठकीने चवड्यांवर उंच होऊन आजीच्या गालावर तळहात ठेवला. मग नाकाला हात लावला, मग हनुवटीला. नीट, सावकाश, कुठे काही राहून जायला नको म्हणून. आईची हनुवटी त्या हाताखाली हलायला लागली. या बाईला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हाही नाही. तिने डोळे मिटून घेतले, ओठ आवळले, पण पाणी थांबेना. ते ठकीच्या बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं.

ठकीने हात काढून घेतला आणि तो फ्रॉकला पुसला. तिने मामाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. सगळे होते.

"आई," तिने विचारलं, "आजीच्या कानात कुणी काय सांगितलं?"

"कुणी काही नाही," धाकटी म्हणाली. "बूट घाल."